मोकळ्या जागा धरून

सोनावणे सरांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते वधूवरांची नावं आधी वाचत नसत, मोजत. डोळे बारीक करून, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलवत. मग म्हणायचे, "मुलाचं सतरा, मुलीचं एकोणीस. छापणाऱ्याने मुलीला डावीकडे ढकललंय बघा. लग्नाआधीच!" पत्रिका घेऊन आलेला माणूस बिचारा तोंडाकडे बघत उभा. लग्न कुठे, किती वाजता, हे सगळं नंतर.

ठाण्यातल्या कोपरीत पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. जिना चढताना नाकात पीठ जायचं आणि वर गेल्यावर कानात नऊ मशिनं. मी पहिल्यांदा गेलेले तेव्हा सर मशिनच्या किल्ल्यांमधलं पीठ दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करत होते. ठेंगणे, गहूवर्णी, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक सहा इंची पट्टी. वर न बघताच त्यांनी विचारलं, "नाव?"

"सुजाता जाधव."

"पूर्ण सांग. वडिलांसकट."

बाबांना जाऊन दोन वर्षं होऊन गेलेली, तरी ते नाव तोंडातून काढताना माझा आवाज अडकायचा. कसंबसं म्हटलं, "सुजाता रमेश जाधव."

सरांची बोटं हलली. "सोळा. मोकळ्या जागा धरून."

मला वाटलं, सोळा नंबरच्या मशिनवर बस म्हणतायत. मी शोधायला लागले. तेव्हा त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि माझं नाव कागदावर लिहून विचारलं, किती भरतं? मी मोजलं, नऊ अक्षरं. सर खूष झाले. समोरचा चुकला की त्यांना फार आनंद व्हायचा, कारण मग समजावून सांगायला मिळायचं.

"मशिनवर प्रत्येक अक्षराला एक घर. तुझ्या नावात काने तीन. काना स्वतःचं घर घेतो. झाले बारा. श आणि ध दिसतात एकेक, पण मशिनवर अर्धं अक्षर मारून पुढे काना जोडावा लागतो. झाले चौदा. उकार आणि मात्रा फुकटे, ते दुसऱ्याच्याच घरात राहतात. आणि नावांच्या मधल्या दोन मोकळ्या जागा? त्या कोण मोजणार? तुझा मामा?"

"सोळा," मी म्हटलं.

"आता ओळीत घरं ऐंशी. ऐंशीतनं सोळा गेले?"

मला गणित येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे, वजाबाकी समोर आली की मी पान उलटायचे. दहावीला गणितात कशीबशी सुटलेली पोरगी मी.

"चौसष्ट," सर म्हणाले. "निम्मे बत्तीस. बत्तीस घरं सोडायची आणि तेहतिसाव्यात 'स' मारायचा. मग तुझं नाव कागदाच्या बरोब्बर मधोमध येतं. कुणी इकडे ओढायचं नाही, कुणी तिकडे. ध्यानात आलं का?"

ध्यानात कसलं येतंय! पण मला यावं लागणार होतं. बाबा सरकारी नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला ठाण्यातल्या एका कार्यालयात क्लार्क म्हणून घेतलेलं. घरात आई आणि दहावीतला भाऊ, कमावणारी मी एकटी. नेमणुकीच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, दोन वर्षांत मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. त्यातलं पहिलं वर्ष मी रडण्यात आणि चालढकलीत घालवलेलं. आमच्या हेडक्लार्क पाटणकर बाई रोज डबा खाताना विचारायच्या, "जाधव, क्लास लावलास का गं? नाहीतर जाशील घरी, मग बस बोंबलत." गंमत म्हणजे ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होते. मथळा मधोमध आणायला एक बटण दाबायचं. पण परीक्षा मात्र त्या लोखंडी धुडावरच द्यायची होती आणि माझ्या हातात वर्षभरात दोनच परीक्षा उरल्या होत्या.

सरांचा क्लास म्हणजे अर्धा टायपिंगचा आणि अर्धा गणिताचा, आणि हा दुसरा अर्धा त्यांनी पाटीवर लिहिलेला नव्हता. मी कळव्याहून येताना आईने दिलेला गव्हाचा डबा खाली गिरणीत ठेवून वर यायचे. सरांनी ते पाहिलं आणि माझी फजिती सुरू झाली.

"रांगेत तुझ्यापुढे किती डबे?"

"सात."

"एका डब्याला चार मिनिटं धर. तुझं पीठ हातात कधी पडणार?"

मी पाढा मनात दोनदा म्हणून घेतला. "अठ्ठावीस मिनिटांनी."

"आणि तुझा डबा? तो काय आपोआप दळला जाणार? खाली जाऊन गिरणीवाल्याला सांग, माझ्या सरांनी सांगितलंय, आठवा डबा दळू नका."

अख्खा क्लास फिदीफिदी हसायला लागला. मला इतका राग आला की मी पुढचा पूर्ण उतारा दातओठ खाऊन मारला. तो त्या दिवसातला माझा सगळ्यात वेगवान उतारा निघाला. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासनं तुला रोज एकदा चिडवायला पाहिजे."

आणि चिडवायचेच. जिन्याला पायऱ्या किती, मी एकेक चढले आणि ते दोन-दोन चढले तर त्यांची शेवटची उडी कुठे पडेल. सहा जणींना चहा, किटलीत पाच कप, तर प्रत्येकीच्या कपात कितपत ओतायचा. हे शेवटचं ते नुसतं विचारत नसत, खरंच मोजून ओतत, आणि आपल्याला कमी आलं की म्हणत, "भागाकारात बाकी उरते ती मास्तरची." कुणी आजारी पडलं की विचारपूस झाल्यावर गोळ्या मोजायचे, दिवसाला तीन तर गुरुवारी संपतील की शुक्रवारी. माणूस वाईट नव्हता हो. त्याला जगच तसं दिसायचं.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. सरांनी मला न रागावता तोच उतारा क्लासात पुन्हा मारायला लावला, मग लाल पेन घेऊन बसले. चुका निघाल्या सदतीस. सर एकेकीवर पेन टेकवत गेले आणि मला कळेना रडू की हसू. सदतीसपैकी एकतीस चुका मोकळ्या जागांच्या होत्या. शब्द संपला की अंगठ्याने खालची लांब पट्टी दाबायची, तेवढं माझ्याकडून होतच नव्हतं. सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले.

"तुला अक्षरं येतात," सर म्हणाले. "तुला थांबता येत नाही. कशाची घाई आहे एवढी?"

"नोकरी जाईल ना सर माझी!"

"म्हणून मध्ये जागाच ठेवायची नाही? उलट्या दिशेने पळतेस की गं तू."

मग औषध सुरू झालं. उतारा तोंडाने म्हणत मारायचा आणि प्रत्येक मोकळ्या जागेला मोठ्याने "रिकामं" म्हणायचं. अध्यक्षांनी रिकामं सभेत रिकामं ठराव रिकामं मांडला. शेजारच्या मशिनवरच्या पोरी हसून लोळायच्या. घरी आई कुणाशी फोनवर बोलत असली तरी माझ्या तोंडून मध्येच "रिकामं" निघायचं. भाऊ म्हणाला, ताई येडी झाली. स्टेशनचा पूल उतरून कोपरीत जाताना मी दुकानांच्या पाट्यांमधल्या जागा मोजायला लागले. महिन्याभरात चुका सदतीसवरून नवावर आल्या.

त्याच सुमारास बाबांचं तिसरं वर्ष आलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सरांना बोलावलं. ते सकाळीच आले, आणि आईने सहज म्हटलं, साठेक माणसं होतील, तांदूळ किती घ्यावेत कळत नाही. आईने हे सरांच्या देखत बोलायला नको होतं. सरांनी पेन काढलं. किलोत आठ माणसं, साठाला साडेसात किलो. आईची नऊची तयारी होती, पण मास्तर सांगतायत म्हणून तिने साडेसातच शिजवले.

शेवटची पंगत बसली आणि भात संपला. वंदना झाली, भाषणं झाली, बाबांचे ऑफिसातले मित्र रडले, सगळं नीट पार पडलं, आणि भाताने घात केला. आई लाजेने अर्धी झाली. शेवटच्या पंगतीत सर स्वतःच होते. पानात दोन पुऱ्या, भाजी, लोणचं. मी वाढायला गेले तर ते गंभीरपणे म्हणाले, "गणित बरोबर होतं गं. माणसं चुकली." आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबांच्या कार्यक्रमाला आई हसते आहे हे मी पहिल्यांदाच बघत होते. जाताना सर आईजवळ थांबले आणि नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, पोरीची काळजी करू नका. ती पास होईल." मला मात्र घाम फुटला, कारण मी सरांना फसवत होते.

झालं होतं असं. परीक्षेत उताऱ्याशिवाय एक तक्ता असायचा, चार-पाच रकान्यांचा. प्रत्येक रकान्याची रुंदी मोजायची, बेरीज करायची, ती ओळीच्या ऐंशी घरांतून वजा करायची आणि उरलेली मोकळी जागा सगळीकडे सारखी वाटायची. कपातल्या चहासारखंच ते, पण मला जमायचंच नाही. मग मी युक्ती काढली. सरांच्या कपाटात जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या वीस तक्त्यांची सोडवलेली उत्तरं मी घोकून टाकली. अशा तऱ्हेचा तक्ता असला की पहिला रकाना सहावर, तशा तऱ्हेचा असला की चारवर. परीक्षेत तऱ्हा त्याच येतात, नावं तेवढी बदलतात. क्लासात मी तक्ता घेतला की झटकन मार्जिन लावायचे. सर काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, किती हुशार मी!

शेवटची परीक्षा कल्याणच्या एका शाळेत होती. तेव्हा परीक्षेला मशिन आपलं आपण न्यायचं असे. सरांनी टेम्पो सांगितला, मशिनं गोधड्यांत गुंडाळली आणि आम्ही पोरी मागे बसून एकेक मशिन तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरलं. वाटेत सर पुढच्या सीटवरून ओरडत होते, "विठ्ठलवाडीच्या फाट्याला खड्डे आहेत, धरून ठेवा!" मी धरलेलं, देवाशपथ धरलेलं. पण शाळेचा जिना चढताना माझं मशिन कठड्यावर आपटलं. बाकावर ठेवून किल्ली मारली तर कागद सरकवणारा वरचा गाडा जागचा हलेना. त्याला ओढणारा पट्टा तुटला होता.

सर धावत खाली गेले आणि जादाचं आणलेलं मशिन स्वतः उचलून दोन मजले चढून आले. वय साठीच्या पुढचं, शर्ट घामाने चिकटलेला. मशिन ठेवताना एवढंच म्हणाले, "सुजाता, याचं अक्षर मोठं आहे. हे बहात्तरचं. ऐंशीचं नाही." तेवढ्यात पर्यवेक्षकाने त्यांना बाहेर काढलं.

घोकलेली वीसच्या वीस उत्तरं ऐंशी घरांची होती. बहात्तराचं मला एकही येत नव्हतं.

तक्ता समोर आला. चार रकाने. बाजूच्या सगळ्या मशिनांचा खडखडाट सुरू झाला आणि मी नुसती बसलेली. आईचं तोंड आठवलं, पाटणकर बाईंचं आठवलं, डोळ्यांत पाणी यायला लागलं. मग कधी कोण जाणे, माझी बोटं मांडीवर हलायला लागली. अनुक्रमांकाला सहा. नावाला बावीस. गावाला बारा. शेऱ्याला दहा. पन्नास. बहात्तरातनं पन्नास गेले बावीस. मोकळ्या जागा किती? मधल्या तीन आणि दोन कडांच्या दोन, पाच. पाच चोक वीस. दोन उरले. आता या दोनाचं काय करायचं? एक डाव्या कडेला दे, एक उजव्या कडेला. मधे चार-चार, कडांना पाच-पाच. मी पुन्हा बेरीज केली. मधल्या जागा बारा, कडांच्या दहा, रकाने पन्नास. बरोब्बर बहात्तर! माझ्या तोंडून "रिकामं" निघालं आणि पर्यवेक्षकाने डोळे वटारले.

बाहेर आले तेव्हा सर फाटकाशी उभे होते. मी तिथेच रडायला लागले. "सर, मोजण्यात पाच मिनिटं गेली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या. आणि सर, मी आतापर्यंत मोजतच नव्हते. तुमची उत्तरं पाठ करत होते."

"माहीत होतं," सर म्हणाले.

"काय?"

"मोजणाऱ्याची बोटं हलतात. तुझी हलत नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू क्लास सोडला असतास. जवळ राहिलीस तर कधीतरी येईल म्हटलं." मग त्यांनी मला मार्जिन विचारली. कडांना पाच, मधे चार, हे ऐकल्यावर त्यांनी खिशातली पट्टी काढली, उगाचच पुसली आणि परत ठेवली. "चला, टेम्पोवाला खोळंबलाय," एवढंच म्हणाले. परत येताना मात्र मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे मशिन मांडीवर घेऊन बसले.

निकाल लागायला दोन महिने गेले. ते दोन महिने मी ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसून काढले. एके दुपारी सरांचा फोन आला, "ये," आणि ठेवून दिला. मी बाईंना न विचारता निघाले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. सरांसमोर निकालाचा कागद होता, पण त्यावर त्यांनी हात ठेवलेला.

"वय किती तुझं?"

"सर, निकाल सांगा ना!"

"वय सांग."

"चोवीस."

"सरकार घरी कधी पाठवतं?"

"अठ्ठावन्नला."

"अठ्ठावन्नातनं चोवीस गेले?"

"चौतीस." बोटं न हलवता. कसं आलं मलाच कळलं नाही.

सरांनी हात उचलला. माझ्या नावापुढे उत्तीर्ण होतं. "चौतीस वर्षं," ते म्हणाले, "तुला त्या खुर्चीवरनं कुणी ऊठ म्हणू शकत नाही. तू नाव सांगितलंस ना पहिल्या दिवशी, वडिलांचं नाव घेताना घसा दाटला तुझा, तेव्हाच हे गणित मी मांडून ठेवलेलं. सोडवायचं तूच होतंस." एवढं बोलून ते उठले आणि धुळीचा कणही नसलेलं एक मशिन ब्रशने साफ करत बसले. मी त्यांच्या पाया पडले तेव्हाही त्यांनी वळून पाहिलं नाही. माझ्या बाबांनंतर माझ्यासाठी रडलेला तो एकच माणूस.

मशिनवरच्या परीक्षा पुढे बंद झाल्या आणि क्लासही. सर दोन वर्षांपूर्वी गेले, सकाळी चहा पिता पिता, कुणालाही त्रास न देता. त्या आठवड्यात मी ऑफिसात बसून खूप रडले. मॉनिटरच्या आड तोंड केलं की कुणाला दिसत नाही.

परवा पाटणकर बाईंच्या जागी आलेले नवे साहेब सगळ्यांच्या सेवेचा तपशील भरत होते. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "जाधव मॅडम, तुमची परीक्षा पास होऊन किती वर्षं झाली हो? जरा कॅल्क्युलेटरवर बघून सांगा."

"अकरा झाली," मी म्हटलं. "तेवीस राहिली." आणि खुर्चीत मागे टेकून नीट बसले.